दुसऱ्याच्या सूर्याआड

यंदा वस्माचा पाऊस वेळेवर आला. ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढचे पन्नासेक दिवस सौदीच्या या वाळवंटावर जो पाऊस पडतो, त्याला येथे वस्म म्हणतात. तो गडगडाटासह पडला, तर बटाट्याएवढा एक कंद जमिनीखाली धरतो. त्याला बी नाही, पान नाही, देठ नाही. लोक त्याला फगा म्हणतात. तो अळंबीच्या जातीचा आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

गेल्या आठवड्यात रियाधमधल्या बत्हा बाजाराच्या मागल्या गल्लीत एका पिकअपच्या फळीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला फगा दिसला. मी एक उचलला आणि नाकाशी नेला. पावसानंतर चार दिवसांनी जमीन आतून जशी वास देते, तसा वास. विकणारा म्हणाला, "खास उत्तरेचा आहे." कोठला, असे मी विचारले नाही. बारा वर्षांपूर्वी विचारले असते.

महिन्याच्या अखेरीस माझा फायनल एक्झिट आहे. इकामा, म्हणजे येथे राहण्याचा परवाना, परत करायचा, सामान बांधायचे आणि नाशिकला जायचे. तेहतीस वर्षांचे सामान तीन पेट्यांत मावले. एक गोष्ट पेटीत घालण्याजोगी नव्हती. ती उत्तरेला राहिली होती.

बारा वर्षांपूर्वी यान्बूहून माझी बदली पाइपलाइनच्या एका पंपिंग स्टेशनवर झाली. यान्बूला समुद्र होता, दमट हवा होती, ओळखीची चार मराठी घरे होती. येथे साठ माणसांचा कँप, कुंपण आणि कुंपणापलीकडे क्षितिजापर्यंत काहीही नाही. जागेचे नाव मी लिहीत नाही. कारण पुढे येईल.

मी मोजमापाच्या उपकरणांचा इंजिनिअर. लाइनवरचे दाबमापक तपासायला रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर हिंडावे लागे. गाडी चालवायला अबू फहद होता. साठीच्या जवळचा, बारीक, ताठ, थोडके बोलणारा बदू, वाळवंटातल्या टोळ्यांतला. मीही थोडकेच बोलतो. त्यामुळे आमचे जमले. तो मला मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर, अशी हाक मारी. त्याच्या भाषेत अहो-जाहो नाही. तो मला तू म्हणे, मी त्याला तू म्हणे, आणि त्यात दोघांनाही कधी उणे वाटले नाही.

जानेवारीतल्या एका गुरुवारी गाडी थांबवून तो म्हणाला, "मुहंदिस, उद्या पहाटे ये. गरम कपडे घाल."

त्या हिवाळ्यातल्या सुट्टीच्या शुक्रवारांची आठवण प्रथम थंडीची येते. गाडीच्या दाराचा पत्रा बोटांना चावे. अबू फहदच्या फरव्याला, म्हणजे मेंढीच्या कातड्याच्या त्या लांब अंगरख्याला, धुराचा आणि वेलदोड्याचा वास असे. आकाश फिकट होत आले की तो दिवे बंद करी. उजाडायच्या बेताला आम्ही त्या मैदानावर पोचत असू. रुगरुग नावाचे वीतभर उंचीचे झुडूप तेथे विरळ पसरलेले होते. जेथे ते असते, तेथे फगा असण्याचा संभव असतो.

तो शोधण्याची वेळ एकच. सूर्य वर आल्यापासून तासाभराची. कंद वाढताना माती किंचित उचलतो आणि तिला तडा जातो. त्या तड्याची सावली तिरप्या उन्हातच दिसते. तोंड सूर्याकडे करून, पावलापावलाने, नजर जमिनीवर ठेवून चालायचे. सूर्य चढला की सावली मरते आणि मैदान सपाट होते.

पहिल्या दिवशी उत्साहाने मी भराभर पुढे गेलो. मागून आवाज आला, "मुहंदिस, उजवीकडे हो."

"का?"

"तू माझ्या सूर्याआड आहेस."

मी बाजूला झालो. तो पहिला नियम. पुढल्या शुक्रवारांत इतर नियम मिळत गेले. त्याने ते कधी सांगितले नाहीत. मी चुकलो की तो थांबे, एवढेच.

मैदानावर आधी कोणी आले असेल, तर गाडी दूर उभी करायची आणि वाऱ्याच्या अशा बाजूला, की आपली धूळ त्यांच्या अन्नावर जाणार नाही. इंजिन बंद करायचे, काच खाली करायची, बसून राहायचे. त्यांनी हात वर केला तर जायचे. नाही केला, तर मुकाट्याने दुसरीकडे वळायचे. भेट झाली तर प्रकृती विचारायची, पाऊस विचारायचा, आईवडील, उंट, मेंढ्या विचारायच्या. काय सापडले हे विचारायचे नाही. कोठे सापडले हे तर नाहीच. दुसऱ्याच्या पिशवीकडे पाहायचे नाही. कंद बोटांनी उकरायचा आणि खड्डा बुजवायचा. आणि परतताना वाटेत जो कोणी भेटेल, त्याच्यापुढे आपली पिशवी उघडून एक कंद द्यायचा.

एकदा आम्ही पोचलो, तर काळ्या बुरख्यातली एक वृद्धा हातात काठी घेऊन एकटीच हिंडत होती. दूरवर तिच्या मुलाची गाडी उभी होती. अबू फहदने पाच मिनिटे वाट पाहिली आणि गाडी वळवली.

मी म्हणालो, "मैदान केवढे आहे. ती एकटी आहे."

"म्हणून," तो म्हणाला.

"जमीन तिची आहे का?"

"जमीन कोणाचीच नाही. तिची असती, तर तिने कुंपण घातले असते आणि मला थांबावे लागले नसते."

दुसऱ्या एका शुक्रवारी ससाणेवाले भेटले. एकजण दोरीला बांधलेला पिसांचा गोळा डोक्याभोवती फिरवत होता आणि त्याचा ससाणा आकाशात, आमच्या डोळ्यांना मोहरीएवढा, घिरट्या घालत होता. पक्षी माणसाच्या हातमोज्यावर येऊन बसेपर्यंत अबू फहदने गाडीचे दारही उघडले नाही. नंतर दोघे नाकाला नाक लावून भेटले. जाताना त्याने आपल्या पिशवीतला सर्वांत मोठा कंद त्यांना दिला. मी पाहत होतो. तो मोठा कंद त्याने द्यायला नको होता, असे मला वाटले.

ऊन चढले की तो काटक्यांचा जाळ करी. पितळी किटलीत गहवा उकळे. अरबांची ही कॉफी फिकी, पिवळसर, कडवट. कान नसलेल्या लहानशा पेल्यात तो तळाशी जेमतेम घोटभर ओती. पेला पुढे केला की पुन्हा घोटभर. नको असेल तर पेला दोन बोटांत धरून हलवायचा. ही घोटघोट देण्याची पद्धत मला प्रथम कंजूषपणाची वाटली. मी मनात ठेवले.

आता माझी चूक.

उपकरणे हा माझा धंदा. लाइनच्या कामासाठी माझ्याकडे हातात मावणारे जीपीएस यंत्र होते. पहिल्याच दिवसापासून प्रत्येक कंदाची जागा मी त्यात नोंदवत होतो. कोणी सांगितले नव्हते. नोंद करणे हा माझा स्वभाव. सहा शुक्रवारांनंतर नोंदी पुरेशा झाल्या. मी एक नकाशा तयार केला. झुडपांची दाटी, जमिनीचा उतार, कंदांचे ठिपके, स्टेशनपासूनचा रस्ता. काम नेटके झाले होते. आणि कँपमध्ये साठ माणसे शुक्रवारी भिंतीकडे बघत पडून असतात, हे मला दिसत होते. मी नकाशाच्या प्रती काढल्या आणि एक मेसच्या सूचनाफलकावर लावली. माहिती ज्याच्याकडून मिळाली त्याचे श्रेय त्याला द्यावे, अशी माझी शिस्त. म्हणून वर ठळक अक्षरांत, इंग्रजीत आणि अरबीत लिहिले : अबू फहद यांचे मैदान.

इब्राहिम मुकादम हा आमचा फिटर. मूळचा राजापूरकडचा. हात सोन्याचे, जीभ तिखट. फलकापुढे उभा राहून त्याने नकाशा वरपासून खालपर्यंत वाचला.

"साहेब, ह्ये तुम्ही लावलंत?"

"हो."

"म्हाताऱ्याला विचारून?"

"त्यात विचारायचे काय? सरकारी माळ आहे."

त्याने नकाशावर बोट ठेवले. "आमच्याकडे पावसात अळंबी येते. जागा ठरलेली असते. माझ्या बापाने ती माझ्या सख्ख्या काकाला सांगितली नाही. काका मरेपर्यंत विचारत होता. आणि तुम्ही बोर्डावर लावलीत? वर म्हाताऱ्याचं नाव घालून?"

"ही अळंबी नाही," मी म्हणालो.

"बरं. तुम्ही इंजिनिअर. मी काय बोलणार."

तेव्हा मी फलकावरचा कागद काढू शकलो असतो. काढला नाही. इब्राहिमच्या बोलण्याने तर नाहीच नाही, असेही मनात आले असावे.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पोचलो तेव्हा मैदानावर अकरा गाड्या होत्या. कँपमधले, शेजारच्या कंत्राटदाराचे, आणि त्यांनी कळवलेले. फावडी आणली होती. गाड्या झुडपांवरून फिरवल्या होत्या. जेथे तडा तेथे खणले होते, आणि जेथे तडा नाही तेथेही. उघडे खड्डे ओळीने पडले होते. लोक हसत होते, फोटो काढत होते. चाळीस माणसे एकमेकांच्या सूर्याआड उभी होती.

एकजण धावत आला. "साहेब, नकाशा एकदम परफेक्ट! डॉट टू डॉट!" असे म्हणून त्याने कागद आमच्या खिडकीतून आत दिला.

अबू फहदने तो घेतला. आपले नाव वाचले. बराच वेळ वाचले. मग घडी घालून छातीच्या खिशात ठेवला.

"अक्षर चांगले आहे," तो म्हणाला.

तो खाली उतरला. कोणाशी बोलला नाही. पहिल्या खड्ड्यापाशी गुडघ्यांवर बसून हाताने माती आत लोटू लागला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. मी मदतीला गेलो, तर तो उठून पलीकडच्या रांगेला गेला. सूर्य डोक्यावर आला, गाड्या एकेक करून निघून गेल्या, तेव्हाही तो खड्डेच भरत होता.

त्यानंतर त्याने जाळ केला. गहवा उकळला. माझा पेला घेतला आणि काठोकाठ भरला. माझ्याकडे न पाहता दिला.

मला बरे वाटले. इतक्या दिवसांत प्रथमच त्याने हात सैल सोडला होता. राग नाही, असे मी समजलो. जिभेला चटका बसणार नाही अशा बेताने मी तो सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. आभारही मानले.

संध्याकाळी मेसमध्ये हे मी इब्राहिमला सांगितले. त्याच्या हातातला घास तसाच राहिला.

"काठोकाठ?"

"काठोकाठ."

"साहेब, आठ वर्षं मी ह्या लोकांत राहतोय. पाहुण्याला घोटघोट देतात, म्हणजे बस, अजून बस. पेला भरून दिला म्हणजे पी आणि ऊठ. तोंडाने नाही सांगत ते."

"मी आभार मानले," मी म्हणालो.

इब्राहिम हसला नाही. त्याने हसायला हवे होते.

फलकावरचा कागद मी त्याच संध्याकाळी काढला. यंत्रातल्या नोंदी पुसल्या. त्यामुळे काही बदलले नाही. अबू फहद दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी गाडी घेऊन आला. सलाम केला, प्रकृती विचारली, लाइनवर नेले, आणले. पुढचे दोन-तीन महिने त्याच्या वागण्यात कोणालाही दोष काढता आला नसता. फक्त शुक्रवारी पहाटे त्याची जागा रिकामी असे. तो गेलेला असे, कोठे ते मला कळत नसे, आणि विचारायचे नाही हे आता मला माहीत होते. मे महिन्यात माझी रियाधला बदली झाली. निरोपाच्या वेळी त्याने हात मिळवला. मी माफी मागितली नाही. कोणत्या शब्दांत बोलायचे, ते मला सुचले नाही. खरे म्हणजे, बोललो असतो तर त्याला उत्तर द्यावे लागले असते, आणि ते उत्तर ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

माणूस घर बदलतो, शहरे बदलतो, पण एखादा पेला हातातच राहतो. इतक्या वर्षांत मी अनेक ठिकाणी गहवा प्यालो. दरवेळी ओतणाऱ्याच्या मनगटाकडे माझी नजर जाई.

इब्राहिम आता रियाधलाच आहे, सुपरवायझर. शुक्रवारी बत्ह्यात एका खानावळीत आम्ही मासळीचे जेवण जेवतो. त्या दिवशी पिकअपवर फगा पाहून मी तेथे गेलो. तो म्हणाला, "हाताला वास येतोय साहेब. फगा?"

"हो."

"म्हातारा आहे अजून. पाऊस झाला की जातो म्हणतात. कामावरून कधीच सुटला." मग ताटाकडे पाहत म्हणाला, "माझी गाडी आहे. तुमच्याजवळ दिवस किती उरलेत?"

"एकोणीस."

"मग यल्ला, निघू या. मोजत बसण्यात अर्थ नाही."

सात-आठ तासांचा रस्ता आहे. गुरुवारी दुपारी निघालो, स्टेशनजवळच्या गावात मुक्काम केला. माळ हिरवा झाला होता; दुरून पाहिले तरच, जवळ गेले की पुन्हा वाळू आणि बोटभर गवत. इब्राहिमने मैदानाचा रस्ता विचारला तेव्हा लक्षात आले की नोंदी पुसूनही तो माझ्या अंगात राहिला आहे. कोठे वळायचे ते मी हाताने दाखवत गेलो. येथे ते लिहिणार नाही. वाचकांनी मला पत्र पाठवून विचारू नये.

उजाडत होते. मैदानावर एकच पांढरी जुनी पिकअप उभी होती आणि सूर्याकडे तोंड करून एक वाकलेला माणूस हातातल्या काठीने जमीन चाचपत चालला होता.

"थांब," मी म्हणालो. "येथेच."

"एवढ्या लांब?"

"वारा पलीकडून आहे. इंजिन बंद कर. काच खाली घे."

थंड हवा आत आली. रुगरुगचा वास आला. आम्ही बसून राहिलो.

"हॉर्न देऊ?" इब्राहिमने विचारले.

"नाही."

"किती वेळ बसायचं?"

"तो हात वर करेपर्यंत."

"आणि नाही केला तर?"

"तर गाडी वळव."

"सात तास परत?"

"सात तास परत."

इब्राहिमने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "आता शिकलात," तो म्हणाला. सूर्याची कड वर आली. काठी टेकत चालणारा माणूस थांबला. त्याने आमच्या दिशेने तोंड वळवले, पण ते किंचित चुकीच्या दिशेला वळले होते. आवाज ऐकून वळतात तसे. तेव्हा मला कळले की, मी दूर थांबलो हे त्याला दिसलेलेच नाही. एक इंजिन आले, लांबवर बंद झाले आणि नंतर कोणी दार उघडले नाही, एवढेच त्याला ऐकू आले असणार.

तो तसाच उभा राहिला. मग त्याने हात वर केला.

मी एकटा गेलो. सलाम केला. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला नाही.

"मुहंदिस," तो म्हणाला.

"आवाजावरून ओळखलेस?"

"थांबलास त्यावरून नाही. तू थांबणारा नव्हतास." तो हसला. दात थोडे उरले होते. "आवाजावरूनच."

प्रकृती विचारून झाली. पाऊस विचारून झाला. माझे घर, त्याचे घर, त्याची नातवंडे, मेंढ्या. काहीही गाळले नाही. माझा फायनल एक्झिट आहे, हे सांगितले. तो, "खैर, खैर," म्हणाला, म्हणजे भले होवो.

"यंत्र आणले आहेस?"

"नाही."

"मग जागा कशी सापडली?"

"गाडी दिसली."

"गाडी सगळ्यांना दिसते. पण येथे आल्यावर." त्याने काठी वाळूत रोवली. "माझ्या डोळ्यांना आता सावली दिसत नाही. उजेड दिसतो फक्त. रुगरुग हाताला लागते, तडा लागत नाही. नातू गाडी घेऊन येतो आणि आत झोपतो. पहाटेपासून एक मिळाला नाही. तू पुढे हो."

मी जागचा हललो नाही. सूर्य बरोबर समोर होता.

"पुढे हो," तो म्हणाला, "सूर्य चढतो आहे."

मी त्याच्या पुढे झालो. माझी लांब सावली मागे त्याच्या पायांवर पडली असणार. मी वळून पाहिले नाही. मातीला पहिला तडा दिसला तेव्हा मी वाकलो नाही. त्याला बोलावले आणि त्याचा हात तेथे नेऊन ठेवला. त्याच्या बोटांनी कंद ओळखला, सोडवला, वर काढला. दुधासारखा पांढरा, झुबैदी जातीचा, मुठीएवढा. खड्डा मी बुजवला. तासाभरात सात मिळाले.

पुढे त्याने जाळ पेटवला. इब्राहिमलाही बोलावले. काटक्यांचा धूर, वेलदोड्याचा वास, फरव्याची लोकर. सगळे जसे होते तसे होते, फक्त आम्ही तिघेही म्हातारे झालो होतो. इब्राहिमने किटली उचलायला हात पुढे केला, तो अबू फहदने बाजूला सारला. यजमान तो होता.

त्याने माझा पेला चाचपून घेतला. एक बोट आतल्या कडेला लावले. किटली वाकवली. मी त्याच्या मनगटाकडे पाहत होतो. इब्राहिमही पाहत होता. धार पडली, आवाज झाला, आणि लगेच थांबला.

पेला माझ्या हातात आला. तळाशी घोटभर.

मी तो प्यालो आणि न हलवता पुन्हा पुढे केला.